ताळेबंद आणि टाळेबंदी

गेल्या अंकात बँकेचे पासबुक कसे वाचावे हे लिहिले होते. त्यावर बऱ्याच पालकांचे फोन आले. काही जणांनी विचारले की, आमची मुले कॉमर्सला जाणार नाहीत, मग त्यांना हे शब्द कशाला? उत्तर या लेखात मिळेल अशी आशा आहे.

गेल्या महिन्यात दहावीच्या वर्गात मी फळ्यावर 'ताळेबंद' हा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "टीचर, कारखाना बंद पडतो ना, ते." वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण बोलताना त्याचे बोट खिडकीबाहेर, खाडीच्या पलीकडे गेले होते. त्याला म्हणायचे होते 'टाळेबंदी'. कुलूप लागते ती टाळेबंदी. ताळेबंद वेगळा. गणित सोडवल्यावर बरोबर आले की नाही हे पाहायला आपण ताळा करतो, तोच हा ताळा. आपल्याकडे काय आहे आणि आपण कोणाचे किती देणे लागतो, या दोन बाजू एका कागदावर मांडून त्यांचा ताळा जमवायचा, तो ताळेबंद.

पण दाभोळच्या मुलाची अशी गल्लत होणे साहजिकच आहे. आमच्या समोरच्या किनाऱ्यावर असे एक प्रकरण घडले की ज्यात आधी टाळे लागले आणि पाठोपाठ ताळेबंद खोटा निघाला. त्याकडे येतेच. आधी घरापासून सुरुवात करू.

मुलांनो, हिशेबाच्या शब्दांना घाबरू नका. ते आपल्याच घरातले आहेत. हिशेब, रक्कम, जमा, बाकी, वसूल, कर्ज, नफा, दलाल, जामीन हे सगळे अरबी शब्द. खर्च आणि हप्ता फारसी. उर्दूच्या तासाला तुम्ही 'माल-ओ-मता' वाचता, तीच मराठीतली मालमत्ता, आणि ताळेबंदात जिला नुसते 'मत्ता' म्हणतात तीही तीच. बहामनी काळात दाभोळ हे मोठे बंदर होते, अरबस्तान आणि इराणचे घोडे इथे उतरत. पुढे बिदरचा वजीर झालेला महमूद गावान १४५३ च्या सुमारास एक व्यापारी म्हणूनच या बंदरात उतरला होता. तेव्हा हे शब्द आपल्याला परके वाटण्याचे काहीच कारण नाही.

आता एक ताळेबंद मांडू. एका घरात एक मासेमारीची बोट आहे, किंमत १२ लाख. जाळी १ लाखाची. घरातले सोने ३ लाखांचे. हातात रोख ४० हजार. मासळीच्या दलालाकडून येणे ६० हजार. एकूण मत्ता १७ लाख. ऐकायला छान वाटते. आता दुसरी बाजू. बँकेचे कर्ज ७ लाख, मामूंकडून घेतलेले कर्जे-हसना दीड लाख, किराणा दुकानाची उधारी ३० हजार, इंजिन दुरुस्त करणाऱ्याचे २० हजार. एकूण देणी ९ लाख. सतरातून नऊ गेले, उरले ८ लाख. हे त्या घराचे खरे स्वतःचे भांडवल. गावात लोक म्हणतील, 'सतरा लाखांचा आसामी.' ताळेबंद म्हणतो, आठ लाखांचा.

हा हिशेब आपल्याला नवा नाही. रमजानमध्ये जकात काढताना आपल्या आया-दाद्या नेमके हेच करतात. सोने किती, रोख किती, दुकानातला माल किती, लोकांकडून येणे किती, आणि त्यातून आपले कर्ज किती वजा. (काय धरायचे आणि काय वगळायचे याचे मसले आलिमांना विचारावेत, मी हिशेबापुरते बोलते आहे.) साडेसात तोळे सोन्याचा आणि साडेबावन्न तोळे चांदीचा निसाब पाठ असलेली बाई 'मला ताळेबंद कळत नाही' म्हणते, तेव्हा मला नवल वाटते.

मत्तेतही दोन जाती आहेत. रोख आणि दलालाकडचे येणे आठवड्यात हाती येते. बोट आणि जमीन नाही. बाग नावावर आहे आणि मुलाच्या फीसाठी शेजाऱ्याकडे हात पसरावा लागतो, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. ते गरीब नसतात, त्यांची मत्ता तरल नसते एवढेच. आणि बोट दरवर्षी थोडी जुनी होते, इंजिन झिजते. आज १२ लाखांची बोट पुढच्या वर्षी १२ लाखांना कोणी घेणार नाही. ही जी किंमत गुपचूप कमी होत जाते, तिला घसारा म्हणतात. खिशातून पैसा जाताना दिसत नाही म्हणून आपण तो धरतच नाही, आणि मग सात-आठ वर्षांनी इंजिन बसले की डोके धरतो.

उलाढाल आणि नफा यांतही मुले नेहमी फसतात. बोट आली, ४५ हजारांची मासळी विकली गेली. ही उलाढाल. त्यातून डिझेल २२ हजार, बर्फ ४ हजार, रेशन ४ हजार, दलाली ३ हजार गेली. उरले १२ हजार. त्यातले समजा निम्मे बोटीचे आणि निम्मे तांडेल-खलाशांचे (वाटपाची रीत बोटीगणिक वेगळी असते). मालकाच्या वाट्याला आले ६ हजार, आणि त्यातूनही जाळ्याची दुरुस्ती, हप्ता आणि घसारा काढायचा आहे. ४५ हजार ऐकून ज्याने मोबाइल घेतला, त्याला उलाढाल कळली, नफा कळला नाही.

ही वाट्याची पद्धत मला फार आवडते. मासळी मिळाली नाही तर मालकाचे डिझेल बुडते आणि खलाशाची मेहनत बुडते, कोणी कोणाकडे ठरावीक रक्कम मागत नाही. फिकहच्या किताबांत मुजारबा म्हणून जे शिकवतात, त्याच्या फार जवळची ही रीत आहे. आमच्या बंदरावर ती किताब न उघडता चालत आली आहे.

उलट बाजूला असतो ठरावीक खर्च. दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट पाहा. तिच्यावर दोन मोटारसायकली असोत की वीस गाड्या, खाडी ओलांडायला डिझेल जवळजवळ तेवढेच लागते, माणसांचा पगारही तेवढाच. याला स्थिर खर्च म्हणतात. आता समजा, एखाद्या शाळेने करार केला की, महिनाभर बोटीवरची निम्मी जागा आमची, पोरे आली नाहीत तरी भाडे देऊ. मे महिन्याच्या सुट्टीत काय होईल? बोट रिकामी जाईल आणि शाळेला भाडे भरावे लागेल. हे उदाहरण नीट लक्षात ठेवा, कारण आता आपण याच फेरीबोटीने पलीकडे जातो आहोत.

दाभोळ वीज कंपनी नावाला दाभोळची, प्रत्यक्षात खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. लोक तिला अजून एन्रॉनच म्हणतात. अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीने १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी बोलणी सुरू केली आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला. मी तेव्हा आठवीत होते. घरात मोठी माणसे दोन तट करून भांडत: एक म्हणत पोरांना नोकऱ्या लागतील, दुसरे म्हणत मासळी जाईल. 'पोरांना नोकऱ्या' हे ऐकून आमच्या अब्बांनी माझ्या भावाला आखातात पाठवायचे एक वर्ष पुढे ढकलले होते.

कंपनीचे भागभांडवल, म्हणजे मालकांनी स्वतःचा घातलेला पैसा, सुरुवातीला असा वाटलेला होता: एन्रॉन ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक १० आणि बेक्टेल १०. पुढे वीज मंडळाने १५ टक्के घेतले आणि एन्रॉनचे ६५ झाले. म्हणजे वीज विकत घेणारे गिऱ्हाईकच दुकानात भागीदार झाले. पण उभारणीचा मोठा भाग कर्जाचा होता. एकूण प्रकल्प सुमारे २९० कोटी डॉलरचा, आणि कर्ज देणाऱ्यांत आयडीबीआय, आयसीआयसीआय, स्टेट बँक या आपल्याच संस्था होत्या. भागभांडवल आणि कर्ज यांतला फरक एवढाच की, धंदा बुडाला तर भागधारकाचा पैसा जातो, पण कर्जदाराला कर्ज माफ होत नाही. म्हणून कर्ज देणारा तारण मागतो किंवा जामीन मागतो.

करारात तीन गोष्टी होत्या, तिन्ही मुलांना समजतील अशा. पहिली म्हणजे ती फेरीबोटीची गोष्ट: वीज घ्या वा न घ्या, यंत्रे तयार उभी आहेत याचा ठरावीक आकार मंडळाने दरमहा द्यायचा. दुसरी, दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. १९९३ मध्ये डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता, २००१ मध्ये ४७ च्या आसपास गेला. विजेचा एक दिवाही जास्त न लावता बिल वाढत गेले. याला विनिमय दराची जोखीम म्हणतात, आणि ती सगळी खरेदीदाराच्या डोक्यावर होती. आखातातून दिरहम-रियाल येणाऱ्या घरांना हे उलट बाजूने माहीत आहे: रुपया पडला की आपल्याकडे चार पैसे जास्त येतात. तेच ज्याला डॉलरमध्ये द्यायचे आहे त्याच्या घरी काय होत असेल, एवढाच विचार करायचा. तिसरी गोष्ट इंधनाची. पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालत होता आणि २००० साली तेलाचे भाव चढले तशी वीजही चढली.

जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला पैसा द्यायला नकार दिला होता. एवढी महाग वीज एवढ्या प्रमाणात महाराष्ट्राला परवडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदलले, करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि तो पुन्हा जिवंत झाला. मोर्चे निघाले, लोकांनी लाठ्या खाल्ल्या. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत मंडळाला बिले झेपेनाशी झाली आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. यंत्रे उभी राहिली. त्या पावसाळ्यात समोरच्या किनाऱ्यावर जो अंधार झाला, तो मला आठवतो.

पण या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा शब्द आहे 'हमी'. वीज मंडळाने बिल दिले नाही तर महाराष्ट्र सरकार देईल, अशी राज्याची हमी होती. आणि राज्यानेही दिले नाही तर केंद्र सरकार देईल, अशी १९९४ ची प्रतिहमी. सही करताना कोणाच्या खिशातून एक पैसा गेला नाही. सहीला पैसे पडत नाहीत, हेच तिचे घातक वैशिष्ट्य. बिले थकल्यावर कंपनीने आधी राज्याच्या हमीवर बोट ठेवले आणि मग फेब्रुवारी २००१ मध्ये केंद्राच्या. राज्य म्हणजे कोण? तुम्ही-आम्ही. ज्यांच्या घरी त्या विजेचा दिवा लागला नाही तेही जामीन होते.

आणि त्याच वर्षी, २ डिसेंबर २००१ ला, खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. साधारण वर्षभरापूर्वी ९० डॉलरपर्यंत गेलेला तिचा शेअर एका डॉलरच्या खाली आला होता. त्यांनी काय केले होते? दोन खेळ. एक, पुढच्या अनेक वर्षांत होईल असा अंदाज असलेला नफा आजच्याच वहीत जमा धरत. म्हणजे ऑगस्टमध्ये बोट खाडीबाहेर पडायच्या आत वर्षभराच्या पापलेटांचा नफा लिहून मोकळे व्हायचे. दुसरा, कर्ज आपल्या ताळेबंदात दिसू नये म्हणून ते बाजूच्या छोट्या-छोट्या कंपन्यांच्या नावावर ठेवत. मत्तेची बाजू भरलेली, देण्याची बाजू झाकलेली. आर्थर अँडरसनसारख्या जगप्रसिद्ध लेखापरीक्षकांनी त्यावर सह्या केल्या होत्या. सर्वात वाईट म्हणजे कंपनीच्या हजारो नोकरदारांनी म्हातारपणाची पुंजी त्याच कंपनीच्या शेअरमध्ये ठेवली होती. नोकरीही गेली, पुंजीही गेली.

इकडचा प्रकल्प २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला, एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी तो चालवायला घेतला. पुढे गॅसअभावी तो पुन्हा ठप्प झाला, मग रेल्वे वीज घेऊ लागली. ती वेगळी कहाणी आहे.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे येते. मी वर्गाला घरचा ताळेबंद मांडून आणायला सांगितले होते, आकडे खोटे चालतील पण शब्द खरे हवेत, या अटीवर. त्याच्या वहीत सगळे नीट होते. खाली पेन्सिलने एक प्रश्न होता: 'अम्मीने चाचांच्या कर्जासाठी सही केली तर ती कोणत्या बाजूला लिहायची?' (त्याच्या अम्मीला विचारून हे लिहिते आहे.)

मी वहीवर उत्तर लिहिले: देण्याच्या बाजूला, पण रेषेखाली. कंपन्या आपल्या ताळेबंदाखाली टीप देतात, 'संभाव्य देणी' म्हणून. आज द्यायचे नाही, पण समोरच्याने दिले नाही तर द्यावे लागेल, असे देणे. दिलेली प्रत्येक हमी तिथे लिहावी लागते. बहुतेक घरांच्या ताळेबंदात ही रेषाच नसते.

दोन दिवसांनी त्याची अम्मी घरी आली. दिराला बोटीचे इंजिन बदलायचे आहे, पतसंस्थेतून साडेतीन लाखांचे कर्ज आहे, दोन जामीनदार लागतात. "टीचर, नाही म्हटले तर घरात तोंड कसे दाखवू? आणि नुसती सहीच तर करायची आहे."

मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यासाठी मी एका पतसंस्थेत जामीन राहिले. माणूस भला, पाच वेळचा नमाजी. कागद मी वाचलेही नाहीत, बाकावर बसून चहा पीत सही केली. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली आणि परदेशी गेले. त्यानंतर अडीच वर्षे माझ्या पगारातून हप्ता कापला गेला. मी पतसंस्थेत जाऊन भांडले की, आधी त्यांच्याकडून वसूल करा, ते नाहीच म्हणाले तर माझ्याकडे या. तिथल्या माणसाने शांतपणे कायदा दाखवला. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८: करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणजे रांगेत मी दुसरी नव्हते, त्यांच्या शेजारी उभी होते. भरलेले पैसे कर्जदाराकडून मागण्याचा हक्क जामीनदाराला असतो, हे खरे. तो मी वापरला, थोडे मिळाले, बाकीचे अजून येणे आहे. माझ्या ताळेबंदात ते मत्तेच्या बाजूला आहे, पण मी ते तरल धरत नाही.

तिला मी नाही म्हण असे सांगितले नाही. दीर अडचणीत आहे, इंजिनाशिवाय बोट नाही आणि बोटीशिवाय घर नाही. पण काही गोष्टी विचारून घे म्हटले. कर्ज किती, मुदत किती, दर कोणता. पतसंस्थेचा माणूस '१० टक्के फ्लॅट' म्हणाला होता. व्याजाबद्दल आपला दीन काय सांगतो हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण ज्याच्या घरात कर्ज येतेच आहे त्याला शब्दाचा अर्थ तरी माहीत असावा. १ लाख, ३ वर्षे, १० टक्के फ्लॅट: दरवर्षी १० हजार धरून ३० हजार, एकूण १ लाख ३० हजार, महिना सुमारे ३,६११ रुपये. फसगत अशी की दुसऱ्या महिन्यापासून तुमच्याकडे पूर्ण १ लाख उरलेलेच नसतात, तरी आकारणी शेवटपर्यंत १ लाखावरच होते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर तोच दर सुमारे १८ टक्के पडतो. 'फ्लॅट' की 'घटत्या शिलकीवर', हे विचारल्याशिवाय कोणत्याही दरावर मान हलवू नका.

आणखी एक. दोन जामीनदार म्हणजे जबाबदारी निम्मी-निम्मी, असे तिला वाटत होते. पतसंस्था दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. दुसऱ्याचा वाटा नंतर तुमचा तुम्ही मागायचा. दुसरा जामीनदार कोण आहे हे तिने विचारलेच नव्हते. दिराच्या बोटीवर आधीचे किती कर्ज आहे, हेही नाही. म्हणजे चाचांचा ताळेबंद कोणी मांडलाच नव्हता.

तिचा खरा अडसर वेगळा होता. घरच्या माणसाला कागद दाखव म्हणणे म्हणजे अविश्वास, असे तिला वाटत होते. मी म्हटले, कुरआनातली सर्वात लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, नमाज-रोज्याबद्दल नाही. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदारांबद्दल आहे. रक्कम लहान असो की मोठी. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे मी बोलले तर दिरांना राग येईल. तुम्ही बोललात तर नाही येणार."

शुक्रवारी जुम्म्यानंतर ती दिराला घेऊन येणार आहे. मुलगाही येईल, वही घेऊन. चाचांचा ताळेबंद तो मांडणार आहे. कर्जाचे सगळे कागद आणा असे मी सांगितले आहे. पेन माझ्याकडे आहे, पण ते शेवटी काढायचे.